रक्ताच्या थेंबातील कर्करोगाची चाहूल : आशा, आकडे आणि आपले शिबिर

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने या वर्षी माझ्याकडे लेख मागितला, तेव्हा बालरोगतज्ज्ञाने लिहावा तसा लसीकरणावर किंवा बालकांच्या आहारावर काही लिहावे असा माझा विचार होता. परंतु मध्यंतरी मंडळाच्या कार्यकारिणीत एक प्रस्ताव आला आणि विषय आपोआप ठरला. आपल्या वार्षिक आरोग्य शिबिरात या वेळी पन्नाशीपुढील सर्वांसाठी ‘पोटाच्या कर्करोगाची रक्ततपासणी’ सवलतीच्या दरात ठेवावी, असा तो प्रस्ताव. प्रस्तावामागील हेतू निर्मळ आहे. सिल्वासात स्थायिक झालेल्या आपल्या मराठी समाजातील अनेक कुटुंबांनी गेल्या काही वर्षांत यकृत, पित्ताशय, स्वादुपिंड यांच्या कर्करोगाने माणसे गमावली आहेत. रोग कळला तेव्हा उशीर झाला होता, ही प्रत्येक घरातील खंत आहे. एका रक्ततपासणीने तो उशीर टळणार असेल, तर कोणाला नको आहे?

हा प्रश्न मलाही वैयक्तिक पातळीवर छळत आला आहे. म्हणून प्रस्तुत लेखात या तपासण्यांचे शास्त्र, त्यांचे सामर्थ्य आणि त्यांच्या मर्यादा यांचा परामर्श घेण्याचा प्रयत्न केला आहे. लेखाच्या ओघात माझ्या हातून घडलेल्या एका चुकीचीही कबुली द्यावी लागणार आहे.

लपून बसणारे अवयव

पचनसंस्थेचे सर्वच कर्करोग सारखे दडून राहत नाहीत. अन्ननलिकेत गाठ झाली तर घास अडकू लागतो, गुदाशयात झाली तर रक्त पडते. स्वादुपिंडाचे तसे नाही. हा अवयव जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून आडवा पसरलेला असतो. पोट तपासताना तो हाताला लागत नाही आणि सोनोग्राफीत आतड्यातील वायूमुळे त्याचा मधला व शेवटचा भाग पुष्कळदा दिसतच नाही. त्याच्या डोक्याकडील भागात गाठ असेल तर पित्तनलिका दबून कावीळ होते आणि रोग त्यामानाने लवकर उघडकीस येतो. गाठ मध्यभागी किंवा शेपटीकडे असेल तर पाठदुखी, अरुची, वजन घटणे एवढीच मोघम लक्षणे दिसतात. जगभरचा अनुभव असा, की निदानाच्या वेळी शंभरातील जेमतेम १५ ते २० रुग्णच शस्त्रक्रियेयोग्य अवस्थेत असतात.

गोव्याचे मुख्यमंत्री श्री. मनोहर पर्रीकर यांचे आजारपण आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये ते मुंबईत रुग्णालयात दाखल झाले, नंतर उपचारांसाठी अमेरिकेत गेले आणि १७ मार्च २०१९ रोजी, वयाच्या ६३ व्या वर्षी, स्वादुपिंडाच्या कर्करोगाने त्यांचे निधन झाले. उत्तमोत्तम वैद्यकीय साहाय्य उपलब्ध असलेल्या व्यक्तीलाही या रोगाने केवळ वर्षभराचा अवधी दिला. अशा रोगाची चाहूल रक्तातून लागावी, ही शास्त्रज्ञांची धडपड म्हणूनच समजण्यासारखी आहे.

‘मार्कर’ म्हणजे काय?

कर्कपेशी काही विशिष्ट द्रव्ये निर्माण करतात किंवा त्यांच्यामुळे शरीर ती निर्माण करते. ही द्रव्ये रक्तात उतरतात व मोजता येतात. त्यांना आपण ट्युमर मार्कर म्हणतो. या शास्त्राचा आरंभ बालरोगतज्ज्ञाला विशेष जवळचा वाटावा असा आहे. १९६३ साली सोव्हिएत शास्त्रज्ञ गॅरी अबेलेव्ह यांना यकृताचा कर्करोग असलेल्या उंदरांच्या रक्तात असे एक प्रथिन आढळले, जे एरवी केवळ गर्भावस्थेत असते. पुढच्याच वर्षी तातारिनोव्ह यांनी तेच मानवी रुग्णात दाखवले. हेच ते अल्फा-फीटोप्रोटीन, म्हणजे ए.एफ.पी. १९६५ साली मॉन्ट्रियल येथील फिल गोल्ड आणि सॅम्युअल फ्रीडमन यांनी मोठ्या आतड्याच्या कर्करोगात सी.ई.ए. शोधून काढले. तेही गर्भावस्थेतील आतड्यात आढळणारेच द्रव्य होते. प्रौढ पेशी बिघडली की ती जणू आपल्या गर्भावस्थेतील सवयींकडे परतते.

१९७५ साली कोहलर आणि मिलस्टाइन यांनी एकाच जातीची प्रतिद्रव्ये हवी तेवढी तयार करण्याची युक्ती शोधली. तिच्या आधारे १९७९ साली फिलाडेल्फियाच्या विस्टार संस्थेत हिलरी कोप्रोव्हस्की यांच्या गटाला सी.ए. १९-९ हा मार्कर गवसला. स्वादुपिंड आणि पित्तमार्ग यांच्या कर्करोगात आज सर्वाधिक वापरला जातो तो हाच. ३७ युनिटपर्यंतचे मूल्य सर्वसाधारणपणे प्राकृत मानतात.

माझ्या व्यवसायात ए.एफ.पी.चे मोल मी प्रत्यक्ष अनुभवले आहे. काही वर्षांपूर्वी दीड वर्षाच्या एका मुलाला त्याची आई ‘पोट फुगलंय’ म्हणून घेऊन आली. उजव्या बरगडीखाली टणक गाठ होती आणि ए.एफ.पी. लाखांच्या घरात होते. बालकांच्या यकृतात होणाऱ्या हिपॅटोब्लास्टोमा या कर्करोगात असेच घडते. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयात त्याच्यावर केमोथेरपी व शस्त्रक्रिया झाली. दर भेटीत ते मूल्य उतरत गेले आणि आई तो कागद घेऊन मला दाखवायला येई. वाचता न येणाऱ्या त्या माउलीला आकड्यातील अंकांची संख्या मात्र अचूक कळे. सहा अंकांचे पाच झाले, चार झाले, अखेर एकावर आले.

परंतु याच मार्करने मला दुसरा धडाही दिला आहे. दोन महिन्यांच्या एका निरोगी बाळाची कोणीतरी अकारण ही तपासणी करवली आणि मूल्य ‘भयंकर वाढले’ म्हणून वडील हादरून आले. वस्तुतः जन्मतः प्रत्येक बाळाचे ए.एफ.पी. हजारोंच्या पटीत असते आणि ते प्रौढांच्या पातळीवर यायला जवळजवळ वर्ष लागते. अहवालावर मात्र प्रौढांची मर्यादा छापलेली होती. आकडा तोच, परंतु तो कोणाचा आणि कशासाठी काढला यावर त्याचा अर्थ ठरतो.

दोन रुग्ण, दोन चकवे

खानवेलच्या बाजूचा एक तिशीतला आदिवासी तरुण. लहानपणापासून तो सिकलसेलसाठी माझ्याकडे येत असे. आपल्या दादरा-नगर हवेलीतील आदिवासी समाजात हा रक्तविकार बराच आढळतो. रक्तपेशी सतत फुटत राहिल्याने अशा रुग्णांच्या पित्ताशयात रंगद्रव्याचे खडे होतात. या तरुणाला कावीळ झाली आणि एका ठिकाणी केलेल्या तपासणीत सी.ए. १९-९ सहाशेच्या वर निघाले. ‘कर्करोग आहे, मुंबईला न्या,’ असे सांगण्यात आले. घरच्यांनी बैलजोडी विकली. प्रत्यक्षात पित्तनलिकेत खडा अडकला होता. दुर्बिणीतून तो काढल्यावर दीड महिन्याने ते मूल्य प्राकृत झाले. पित्ताचा मार्ग कोणत्याही कारणाने तुंबला, तरी सी.ए. १९-९ वाढते. स्वादुपिंडाच्या साध्या दाहातही ते वाढते. बैलजोडी मात्र परत आली नाही.

दुसरा चकवा माझ्या घरचा.

माझे थोरले बंधू, आम्ही सारे त्यांना दादा म्हणत असू, येथील औद्योगिक वसाहतीतून निवृत्त झाले होते. २०१८ च्या पावसाळ्यात वयाच्या साठाव्या वर्षी त्यांना मधुमेह निघाला. आमच्या घराण्यात मधुमेह नाही. दादा शिडशिडीत, रोज दमणगंगेच्या पुलापर्यंत फिरायला जाणारे. तीन महिन्यांत त्यांचे वजन सहा किलोंनी उतरले. वहिनी म्हणाल्या, साखर बंद केल्यामुळे असेल. पाठ दुखे, ती उतारवयाची म्हणून सोडून दिली. सोनोग्राफी झाली. तिच्यात ‘वायूमुळे स्वादुपिंड पूर्ण दिसले नाही’ अशी एक ओळ होती. मी मनाच्या समाधानासाठी सी.ए. १९-९ करवले. उत्तर आले, दोनपेक्षा कमी.

मी आनंदलो. दादांना फोन करून म्हणालो, “दादा, निश्चिंत राहा. कॅन्सरचा रिपोर्ट एकदम नॉर्मल आहे.” ते म्हणाले, “तू डॉक्टर आहेस रे, तू म्हणतोस म्हणजे झालं.”

तो आकडा पाहून मी आनंदण्याऐवजी थबकायला हवे होते. सी.ए. १९-९ हे द्रव्य लुईस नावाच्या रक्तगटाशी निगडित आहे. शंभरातील साधारण पाच ते दहा व्यक्तींच्या शरीरात ते बनवण्याची क्षमताच जन्मतः नसते. अशा व्यक्तीला कितीही मोठा कर्करोग झाला तरी हा मार्कर शून्याच्या आसपासच राहतो. इतके नीचांकी मूल्य म्हणजे ‘रोग नाही’ असे नव्हे, तर ‘ही तपासणी या माणसाला लागू पडत नाही’ असा संकेत असू शकतो. नोव्हेंबरमध्ये सी.टी. स्कॅन झाला तेव्हा स्वादुपिंडाच्या मध्यभागी गाठ होती आणि यकृतात ठिपके उतरले होते.

३० जानेवारी २०१९ रोजी पर्रीकरांनी नाकात नळी असताना विधानसभेत अर्थसंकल्प मांडला. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रातील ते छायाचित्र दादा बराच वेळ पाहत बसले होते. मला काही बोलले नाहीत. जूनमध्ये ते गेले. चार महिने आधी सी.टी. झाला असता तर ते वाचले असते, असे मी म्हणू शकत नाही. या रोगात तशी खात्री कोणीच देऊ शकत नाही. परंतु त्या चार महिन्यांचा विलंब त्या रक्ततपासणीने घडवला आणि तिचा चुकीचा अर्थ लावणारा मी होतो.

आशेचे नवे किरण

सी.ए. १९-९ च्या मर्यादा ओळखूनच संशोधन पुढे सरकले आहे. रक्तद्रवात पेशींबाहेर तरंगणारे डी.एन.ए. असते, हे १९४८ सालीच मँडेल आणि मेतॅ या फ्रेंच संशोधकांनी दाखवले होते. कर्करोगाच्या गाठीतूनही असे तुकडे रक्तात येतात. त्यांतील जनुकीय बदल किंवा त्यांवरील मिथाइलच्या खुणा वाचून कर्करोग आहे का, आणि असल्यास तो कोणत्या अवयवातला, याचा अंदाज बांधता येतो.

२०१८ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने डी.एन.ए. आणि प्रथिने एकत्र मोजणारी ‘कॅन्सरसीक’ ही चाचणी प्रसिद्ध केली. जठर, अन्ननलिका, यकृत, स्वादुपिंड व मोठे आतडे यांसह आठ कर्करोगांच्या १००५ रुग्णांत तिने सरासरी ७० टक्के रोग ओळखला, परंतु पहिल्या अवस्थेत हे प्रमाण ४३ टक्क्यांवर घसरले. गाठ लहान असताना ती रक्तात फारसे काही सोडत नाही, हीच मुख्य अडचण आहे. जिथे लवकर कळायला हवे, तिथेच चाचणी दुबळी पडते.

जुलै २०२४ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मोठ्या आतड्याच्या कर्करोगासाठी ‘शील्ड’ या रक्तचाचणीला मान्यता दिली. तिने ८३ टक्के कर्करोग ओळखले आणि निरोगी व्यक्तींत ९० टक्के वेळा बरोबर ‘नाही’ म्हटले. मात्र कर्करोगाच्या आधीचे धोकादायक कोंब तिला केवळ १३ टक्के दिसले. कोंब दिसला आणि काढला तर कर्करोग होतच नाही, आणि हे काम आजही दुर्बीण अधिक चांगले करते.

यकृताच्या बाबतीत वय, लिंग आणि तीन मार्कर यांचे गणित मांडणारी ‘गॅलाड’ पद्धत केवळ ए.एफ.पी.पेक्षा सरस ठरली आहे. आपल्याकडेही काम चालू आहे. टाटा स्मारक केंद्रातील संशोधकांनी २०१७ साली पित्ताशयाच्या कर्करोगाशी संबंधित दोन जनुकांचा मागोवा प्रसिद्ध केला. पित्तातील द्रव्ये वाहून नेण्याशी त्यांचा संबंध आहे. ‘धोका कोणाला अधिक’ हे कळले, तर तपासणी कोणाची करायची हे ठरवणे सोपे होईल.

शिबिराचे गणित

आता आपल्या प्रस्तावाकडे वळू. समजा, पन्नाशीपुढील १०,००० निरोगी व्यक्तींची आपण तपासणी केली आणि त्यांच्यात स्वादुपिंडाचा कर्करोग एकाला आहे. चाचणी ९० टक्के वेळा निरोगी माणसाला निरोगी ठरवते असे धरू. तरीही सुमारे १००० निरोगी माणसांचा अहवाल ‘वाढलेला’ येईल. त्या एकासाठी हजारांना सी.टी. स्कॅन, मुंबईच्या खेपा, झोप उडालेल्या रात्री आणि कदाचित विकलेली बैलजोडी. चाचणी ९९ टक्के अचूक केली तरी शंभर माणसे या फेऱ्यात सापडतील. आणि तो एक जण माझ्या दादांसारखा असेल, तर तो हसतमुखाने घरी जाईल.

‘लवकर सापडले म्हणजे चांगलेच’ या समजुतीला बालरोगशास्त्राने एक मोठा धक्का दिला आहे. जपानमध्ये १९८० च्या दशकात सहा महिन्यांच्या बालकांची मूत्रतपासणी करून न्यूरोब्लास्टोमा हा कर्करोग शोधण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. रुग्ण पुष्कळ सापडू लागले. परंतु २००२ साली कॅनडातील क्वीबेक प्रांत आणि जर्मनी येथील अभ्यासांनी दाखवून दिले, की अशा तपासणीने मृत्यू घटत नाहीत. ज्या गाठी आपोआप विरघळल्या असत्या त्याच अधिक सापडत होत्या आणि त्या बालकांना विनाकारण शस्त्रक्रिया व औषधे सोसावी लागत होती. जपानने ती मोहीम थांबवली.

याउलट उदाहरण आपल्या महाराष्ट्रातले आहे. बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मारक रुग्णालय व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्या सहकार्याने त्या वेळच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव, जिल्ह्यातील १,३१,७४६ स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी अभ्यास केला. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूची एकच तपासणी आणि तिला जोडून उपचार, एवढ्याने मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हा रोग पचनसंस्थेचा नव्हे, परंतु कसोटी तीच आहे. तपासणीमुळे किती रुग्ण सापडले हे न पाहता किती जीव वाचले हे पाहायचे. पोटातील या अवघड कर्करोगांसाठी निरोगी जनतेत वापरावी अशी कोणतीही रक्ततपासणी आजवर त्या कसोटीला उतरलेली नाही.

मग आपण काय करावे?

माझी नम्र सूचना अशी, की मार्करचे पॅकेज या शिबिरात ठेवू नये. तोच निधी आणि तीच धडपड पुढील गोष्टींसाठी वापरावी.

पहिली गोष्ट, हिपॅटायटिस ‘बी’ची रक्ततपासणी. यकृताच्या कर्करोगाचे हे एक प्रमुख कारण असून हा विषाणू साध्या, स्वस्त तपासणीत सापडतो. बाधित व्यक्तीवर उपचार करता येतात आणि योग्य त्या रुग्णांची दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी व ए.एफ.पी. करून यकृतावर लक्ष ठेवता येते. मार्करचे खरे स्थान तिथे आहे.

दुसरी, नवजात बालकाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस ‘बी’ची लस. तैवानने १९८४ साली ही लस नवजातांसाठी सुरू केली आणि तेथील मुलांमधील यकृताच्या कर्करोगाचे प्रमाण घटले. भारतात ती २००२-०३ मध्ये प्रायोगिक स्वरूपात आली आणि २०११ पासून देशभर राबवली गेली. कर्करोगाची चाहूल घेण्यापेक्षा तो होऊच न देणारी ही लस आहे, आणि ती आपल्या हातात आहे.

तिसरी सूचना माझ्या व्यवसायबंधूंसाठी. पन्नाशीनंतर अचानक मधुमेह निघाला, माणूस स्थूल नाही, घराण्यात मधुमेह नाही आणि वजन उतरते आहे, तर स्वादुपिंडाचा विचार मनात आणावा. मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००५ साली दाखवले, की पन्नाशीपुढील नव्या मधुमेहींत शंभरातील सुमारे एकाला तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग निघतो. प्रत्येकाचा स्कॅन करावा असे नाही. परंतु वजन घटत असेल आणि सोनोग्राफीत स्वादुपिंड दिसले नसेल, तर ‘दिसले नाही’ याचा अर्थ ‘नाही’ असा घेऊ नये. न दुखणारी कावीळ, शौचातून रक्त, बदललेली शौचाची सवय, घास अडकणे यांची तपासणी गावठी औषधांत वेळ न दवडता व्हावी. येथील श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटल आणि २०१९ साली सुरू झालेले वैद्यकीय महाविद्यालय यांमुळे प्राथमिक तपासासाठी प्रत्येकाने मुंबई गाठण्याची गरज उरलेली नाही.

चौथी, तंबाखू आणि मद्य यांविषयी शिबिरात स्पष्ट बोलावे. कोणतेही पॅकेज त्याची जागा घेऊ शकत नाही.

रक्ताच्या थेंबातून या रोगांची विश्वसनीय चाहूल लागण्याचा दिवस येईल, अशी माझी श्रद्धा आहे. तो आला की प्रस्ताव मांडणाऱ्यांत मी पहिला असेन. तोपर्यंत अहवालावरील आकड्याआधी समोरचा माणूस पाहावा, त्याचे ऐकावे आणि त्याचे वजन करावे. माझ्या दवाखान्यात मुलांसाठीचा वजनकाटा होताच. दादा गेल्यानंतर मी मोठ्यांसाठीही एक काटा घेतला. मुलांना घेऊन येणाऱ्या आजी-आजोबांनाही मी आता त्यावर उभे करतो, आणि गेल्या खेपेचे वजन वहीत उतरवलेले असते.